न्यूट्रिनो कुठून आला? गॅमा किरणांच्या आधाराने माग काढण्याची पद्धत, सोलापुरात बसून

दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब वेधशाळेतून वर्षाला साधारण तीसेक इशारे सुटतात. अमुक क्षणी, आकाशाच्या अमुक भागातून एक न्यूट्रिनो, म्हणजे कशानेही सहसा न अडणारा विद्युतभाररहित सूक्ष्म कण, आला आहे, आणि तो दूरच्या अवकाशातला असण्याची शक्यता इतकी इतकी आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. हे इशारे सगळ्यांना खुले आहेत. त्यांचा माग काढायला लागणारा फर्मी उपग्रहाचा गॅमा किरणांचा डेटाही मोफत मिळतो. त्यामुळे सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजात बीएस्सीला असलेल्या मुलामुलींना साध्या लॅपटॉपवर या शोधाचा बराच मोठा भाग स्वतः करून बघता येतो. गॅमा किरण जमिनीवर पोचतच नाहीत, वातावरण ते वरच अडवतं. म्हणून इथे गच्चीवर दुर्बीण असो नसो, सुरुवात सगळ्यांची सारखीच.

पुढची पद्धत भौतिकशास्त्राची तोंडओळख आणि थोडं पायथन येणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यात सर्वात जास्त मेहनत स्रोत शोधण्यात जात नाही. सापडलेला स्रोत योगायोगाने तिथे नाही ना, हे तपासण्यात जाते.

न्यूट्रिनो आणि गॅमा यांचं नातं

अवकाशात कुठेतरी प्रोटॉन प्रचंड ऊर्जेपर्यंत पळवला जातो. वाटेत तो वायूच्या अणूवर किंवा प्रकाशकणांवर आदळतो आणि त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण जन्मतात. विद्युतभारित पायॉन मोडतो तेव्हा न्यूट्रिनो बाहेर पडतात आणि उदासीन पायॉन मोडतो तेव्हा दोन गॅमा किरण. जिथे न्यूट्रिनो तयार झाला तिथे गॅमा किरण तयार झालेच असणार, हा या सगळ्या पद्धतीचा पाया.

ऊर्जेचा ढोबळ हिशेब पाठच करून टाका. (एकक इलेक्ट्रॉनव्होल्ट: एमईव्ही म्हणजे दहा लाख, जीईव्ही त्याच्या हजारपट, टीईव्ही त्याच्या हजारपट आणि पीईव्ही त्याच्याही हजारपट.) न्यूट्रिनोला मूळ प्रोटॉनच्या ऊर्जेचा सुमारे विसावा भाग मिळतो, गॅमाला सुमारे दहावा. म्हणजे २९० टीईव्हीचा न्यूट्रिनो दिसला, तर प्रोटॉन ६ पीईव्हीच्या आसपासचा आणि सोबत जन्मलेले गॅमा ५८० टीईव्हीच्या आसपासचे असणार.

पण ते ५८० टीईव्हीचे गॅमा आपल्यापर्यंत येत नाहीत. इतक्या ऊर्जेचा गॅमा किरण अवकाशात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींच्या आणि अवरक्त प्रकाशाच्या कणांवर आदळतो आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होऊन संपतो. पीईव्ही ऊर्जेला त्याची सरासरी धाव काही दशसहस्र प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या आतल्या आतच. ती जोडी पुन्हा कमी ऊर्जेचे गॅमा तयार करते, ते पुन्हा मोडतात, आणि शेवटी ही सगळी ऊर्जा जीईव्हीच्या पट्ट्यात उतरते. फर्मीची लॅट दुर्बीण नेमका हाच पट्टा बघते: २० एमईव्हीपासून ३०० जीईव्हीच्या वरपर्यंत. न्यूट्रिनो शेकडो टीईव्हीचा आणि आपण गॅमा शोधतोय एक-दोन जीईव्हीचे, हे विद्यार्थ्यांना सुरुवातीला खटकतं. कारण वरच्या परिच्छेदात आहे. स्रोत स्वतःच दाट असेल तर काय होतं, ते पुढे येईल, आणि खरी गंमत तिथेच आहे.

इशारा मिळवणं आणि वाचणं

नासाचं जीसीएन नावाचं जाळं आहे. त्यावर मोफत खातं उघडा आणि आइसक्यूबच्या सूचना ईमेलने मागवा. पायथन येत असेल तर काफ्का प्रवाहातून थेट प्रोग्रॅममध्येही घेता येतात. एका घटनेबद्दल सहसा दोनदा कळतं. आधी मिनिटाभरात यंत्राने पाठवलेली सूचना, मग काही तासांनी माणसांनी तपासून लिहिलेलं परिपत्रक. दिशा आणि चूकमर्यादा नेहमी परिपत्रकातून घ्या. पहिल्या सूचनेतली जागा पुढे सरकते, आणि क्वचित सबंध इशाराच मागे घेतला जातो.

इशाऱ्यात पाच गोष्टी बघायच्या: वेळ, विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश म्हणा), ९० टक्के खात्रीची चूकमर्यादा, आणि घटना खगोलीय असण्याची शक्यता. जून २०१९ पासून इशाऱ्यांचे गोल्ड आणि ब्राँझ असे दोन वर्ग आहेत. गोल्डमध्ये ही शक्यता सरासरी ५० टक्के असते, ब्राँझमध्ये ३० टक्के. हे आकडे वाचून कुणी निराश झालं तर ते योग्यच आहे. ब्राँझ इशाऱ्यांपैकी बहुतेक न्यूट्रिनो वैश्विक किरण आपल्याच वातावरणावर आदळून तयार झालेले, म्हणजे घरचेच असतात.

घटनेचा आकारही बघा. आइसक्यूबमध्ये एक घनकिलोमीटर बर्फात, १४५० ते २४५० मीटर खोलीवर, ८६ दोऱ्यांवर ५१६० प्रकाशसंवेदक टांगलेले आहेत. म्यूऑन न्यूट्रिनो बर्फात लांब सरळ रेघ सोडतो, तिची दिशा एका अंशाच्या आत कळते. बाकीच्या प्रकारांत प्रकाशाचा गोळा दिसतो आणि दिशेची चूक दहा-पंधरा अंशांवर जाते. गोळ्यांच्या मागे लागू नका. डिसेंबर २०१२ मधल्या २ पीईव्हीच्या अशाच एका घटनेचा संबंध पीकेएस बी१४२४-४१८ या भडकलेल्या ब्लेझारशी (एका प्रकारची प्रखर दीर्घिका, नीट ओळख पुढे) जोडला गेला होता. चूकवर्तुळ इतकं मोठं होतं की योगायोगाची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली गेली नाही. तो विषय तिथेच राहिला.

सरावासाठी ताज्या इशाऱ्याची वाट बघू नका. आइसकॅट-१ या यादीत २०११ ते २०२० मधल्या २७५ घटना नकाशांसह मिळतात. पण पहिला सराव सगळ्यांनी एकाच घटनेवर करावा असं माझं मत आहे: आयसी-१७०९२२ए (आइसक्यूब, मग वर्ष-महिना-दिवस). उत्तर माहीत असल्याने कुठे चुकतोय ते लगेच कळतं.

वेळेचं गणित

ती घटना २२ सप्टेंबर २०१७ रोजी जागतिक वेळेनुसार २० वाजून ५४ मिनिटं ३० सेकंदांनी घडली. त्यात साडेपाच तास मिळवा. सोलापुरात २३ सप्टेंबर उजाडला होता आणि रात्रीचे २ वाजून २४ मिनिटं झाली होती. तारीख बदलते, ही क्षुल्लक बाब नोंदवहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. भारतीय वेळ फक्त स्वतःच्या सोयीसाठी, डेटात कायम जागतिक वेळ.

फर्मीचं स्वतःचं घड्याळ वेगळं आहे. ते १ जानेवारी २००१ पासूनचे सेकंद मोजतं. आपल्या घटनेचा हिशेब हाताने करून बघा. २००१ ते २०१६ ही सोळा वर्षं म्हणजे ५८४४ दिवस, पुढे २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत २६४, एकूण ६१०८. त्याला ८६,४०० ने गुणा, दिवसातले ७५,२७० सेकंद मिळवा, आणि मधल्या काळात घड्याळात घातलेले ५ लीप सेकंद विसरू नका. उत्तर ५२,७८,०६,४७५. नासाच्या संकेतस्थळावर हे रूपांतर एका क्लिकवर होतं, पण एकदा स्वतः केलं की पुढे आकडा बघूनच चूक लक्षात येते.

चौकट आखा, कॅटलॉग उघडा

आयसी-१७०९२२ए ची सुधारित जागा: विषुवांश ७७.४३ अंश, चूक एका बाजूला ०.९५ आणि दुसऱ्या बाजूला ०.६५; क्रांती +५.७२ अंश, चूक वर ०.५० आणि खाली ०.३०. याचा लंबवर्तुळाकार तुकडा काढला तर क्षेत्रफळ साधारण १ चौरस अंश येतं. पूर्ण चंद्राने व्यापलेल्या आकाशाच्या पाचपट म्हणा.

आता फर्मीच्या गॅमा स्रोतांचा चौथा कॅटलॉग उतरवून घ्या. चौदा वर्षांच्या निरीक्षणांवरच्या त्याच्या आवृत्तीत सात हजारांहून जास्त स्रोत आहेत. फाइल फिट्स स्वरूपात असते. ॲस्ट्रोपाय या पायथनच्या संचाने ती उघडते, टॉपकॅट नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये तर एक्सेलसारखी दिसते. आपल्या चौकटीतले स्रोत गाळा. टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार हाती लागेल: विषुवांश ७७.३६, क्रांती +५.६९, म्हणजे न्यूट्रिनोच्या सर्वोत्तम दिशेपासून जेमतेम ०.१ अंशावर.

ब्लेझार म्हणजे अशी दीर्घिका, की जिच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरातून निघणारा कणांचा झोत जवळपास थेट आपल्याकडे रोखलेला असतो. फर्मीच्या ओळख पटलेल्या स्रोतांत ब्लेझारच सर्वात जास्त आहेत. म्हणून यादीत ब्लेझार निघाला याचं फार अप्रूप वाटून घेऊ नका.

चौकट आखताना दोन ठिकाणी मुलं हमखास घसरतात. क्रांती मोठी असेल तेव्हा विषुवांशाच्या अंशांना क्रांतीच्या कोसाइनने गुणावं लागतं, नाहीतर क्षेत्रफळ फुगतं. आणि चौकट फक्त ९० टक्क्यांची आहे, दहातल्या एका घटनेचा खरा स्रोत तिच्या बाहेर असणार. म्हणून जरा बाहेरचे स्रोतही वेगळ्या रकान्यात नोंदवा, पण मोजणीत मिसळू नका.

तो स्रोत त्या वेळी भडकला होता का?

नुसती जागा जुळणं पुरेसं नाही, वेळही जुळावी लागते. फर्मी चमूने बदलत्या तेजाच्या दीड हजारांहून जास्त स्रोतांचे आलेख तयार करून खुले ठेवले आहेत. तीन दिवस, आठवडा आणि महिना अशा तीन टप्प्यांत ते मिळतात. स्रोताचं नाव टाका, आठवड्याचा आलेख उघडा आणि घटनेच्या दिवशी उभी रेघ मारा.

टीएक्सएस ०५०६+०५६ च्या बाबतीत ती रेघ एका लांबलचक भडक्याच्या मधोमध पडते. हिरोशिमाच्या यासुयुकी तानाका यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच बघितलं. हा ब्लेझार नेहमीच्या सहापट तेजस्वी असल्याचं २८ सप्टेंबरला जगाला कळवलं गेलं. मग कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनी त्याच्याकडून १०० जीईव्हीच्या वरचे गॅमाही टिपले. (गॅमा जमिनीवर पोचत नाहीत, पण ते वातावरणावर आदळल्यावर उमटणारी प्रकाशाची झलक अशा दुर्बिणी पकडतात.)

आलेख वाचताना काही पथ्यं पाळा. खाली बाण असलेले बिंदू म्हणजे मोजमाप नव्हे, तिथे फक्त वरची मर्यादा दिलेली असते. मार्च २०१८ मध्ये फर्मीचं एक सौरपंख फिरवणारं यंत्र अडकलं, तेव्हापासून आकाश पूर्वीइतकं समान बघितलं जात नाही. त्या तारखेनंतर आलेखात मोकळ्या जागा दिसल्या तर स्रोत विझला असं लगेच समजू नका. आणि सूर्य जवळून जात असेल तर सावध राहा, सूर्य स्वतःही गॅमा किरण देतो.

स्वतःचं विश्लेषण

तयार आलेखात स्रोत नसेल, किंवा चौकटीत कॅटलॉगमधलं काहीच नसेल, तर मूळ डेटावर उतरावं लागतं. यात वेळ जातो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी लॅपटॉपवर तासन्‌तास गणित चालवलं की पंखा रडकुंडीला येतो, म्हणून मोठी कामं रात्री लावा आणि अधूनमधून निकाल साठवत जाईल असा प्रोग्रॅम लिहा. वीज गेली तरी सगळं पुन्हा करावं लागू नये.

लागणारं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मीटूल्स, आणि त्यावर बेतलेलं फर्मीपाय. दोन्ही मोफत. लिनक्सवर किंवा मॅकवर कोंडा या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रॅममधून बसवता येतात. विंडोज असेल तर त्यातच लिनक्सची सोय सुरू करा.

नासाच्या फर्मी विज्ञान केंद्राच्या डेटा पानावर स्रोताची जागा, सभोवतालची १५ अंश त्रिज्या, ऊर्जा १०० एमईव्ही ते ३०० जीईव्ही आणि कालावधी भरा. पहिल्या वेळी घटनेच्या आगेमागे पंधरा-पंधरा दिवस पुरेत. दोन प्रकारच्या फाइली येतात: एक फोटॉनांची, दुसरी उपग्रह कुठे होता आणि कुठे बघत होता त्याची. दुसरी फाइल संपूर्ण मोहिमेची मागवू नका, गीगाबाइटांत जाते.

मग गाळणी. शिरोबिंदूपासून ९० अंशांपलीकडचे फोटॉन टाकून द्या, कारण पृथ्वीचं वातावरण स्वतःच गॅमा किरणांनी चमकत असतं. उपग्रहाची स्थिती ठीक नसतानाचा काळ टाका. उरलेल्या फोटॉनांवर प्रारूप बसवायचं. त्यात तुमचा स्रोत, आसपासचे कॅटलॉगमधले सगळे स्रोत, आकाशगंगेची विखुरलेली चमक आणि सर्व दिशांनी येणारी एकसारखी पार्श्वभूमी असते. शेवटच्या दोन्हींच्या तयार फाइली केंद्राच्याच पानावर आहेत.

शेजाऱ्यांना प्रारूपात घेण्याचा कंटाळा करू नका. १०० एमईव्हीला लॅटची नजर इतकी धूसर असते की एका बिंदूतून आलेले फोटॉन पाचेक अंशांत पसरतात. १ जीईव्हीला पसारा एक अंशाच्या आत येतो आणि १० जीईव्हीच्या वर अंशाच्या दशांशावर. टीएक्सएस ०५०६+०५६ पासून सव्वा अंशावर पीकेएस ०५०२+०४९ नावाचा दुसरा ब्लेझार आहे. कमी ऊर्जेला त्याचे फोटॉन सर्रास आपल्या स्रोताच्या खात्यात येऊन पडतात. २०१४-१५ मध्ये तो भडकला होता, आणि त्या काळाचा गॅमा डेटा लावताना संशोधकांनाही त्याला वेगळं काढावं लागलं. शंका आली की फक्त १ जीईव्हीच्या वरचे फोटॉन घेऊन पुन्हा बघा.

प्रारूप बसलं की प्रत्येक स्रोतासाठी टीएस नावाचा आकडा मिळतो. त्याचं वर्गमूळ ढोबळमानाने सिग्मा, म्हणजे खात्रीचं माप: सिग्मा जितका मोठा, तितकी योगायोगाची शक्यता कमी. २५ च्या वर असेल तर स्रोत खरा मानायची रूढी आहे. कमी आला तर 'स्रोत दिसला नाही' एवढंच न लिहिता वरची मर्यादा काढा. तो आकडा पुढे सिद्धान्त मांडणाऱ्यांच्या कामी येतो.

योगायोगाचा हिशेब

सगळ्या पद्धतीत मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, आणि उत्साहाच्या भरात गाळला जातो तोही हाच.

गड्ड्याच्या यात्रेत कुणाचं पाकीट मारलं गेलं आणि त्या वेळी होम मैदानावर एक ओळखीचा भामटा उभा होता, एवढ्यावरून तो चोर ठरत नाही. आधी विचारायचं, की त्या गर्दीत असे भामटे एकूण किती होते?

आकाशात तेच करा. संपूर्ण आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं. सात हजारांहून जास्त गॅमा स्रोत त्यात वाटले तर दर चौरस अंशाला सुमारे ०.१७ स्रोत येतात. एक चौरस अंशाच्या चौकटीत निव्वळ योगायोगाने किमान एक स्रोत सापडण्याची शक्यता १६ टक्के. चौकट दहा चौरस अंशांची असेल तर ती ८० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे मोठ्या चौकटीत 'स्रोत सापडला' हे वाक्य जवळजवळ अर्थशून्य आहे. टीएक्सएस ०५०६+०५६ चं वजन वाढलं ते तो तेजस्वी स्रोत होता आणि त्याच वेळी भडकला होता म्हणून.

पुढची अट जास्त कठोर आहे. तुम्ही किती इशारे तपासल्यानंतर हा एक जुळला? २०१७ च्या घटनेत सुरुवातीचा आकडा ४.१ सिग्मा होता, म्हणजे शक्यता लाखात दोनच्या आसपास. पण त्याआधीचे खुले इशारे आणि जुन्या डेटातल्या तशाच घटना धरून एकूण ५१ संधी होत्या. लाखात दोनला ५१ ने गुणा. हजारात एक येतं, म्हणजे ३ सिग्मा. जाहीर झालेला निकाल हाच होता. जुलै २०१८ मध्ये सगळीकडे बातम्या झळकल्या, तरी शास्त्रज्ञांनी 'पुरावा' हा शब्द वापरला, 'शोध' नाही. त्याच जागेच्या जुन्या नोंदी चाळल्यावर सप्टेंबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात १३ च्या आसपास जादा न्यूट्रिनो निघाले, ३.५ सिग्माचे. पण तेव्हा हा ब्लेझार गॅमामध्ये शांत होता! ही विसंगती आजही पूर्ण सुटलेली नाही.

स्वतःच्या यादीसाठी संगणकावर असं करा. सगळ्या इशाऱ्यांच्या क्रांत्या तशाच ठेवा आणि विषुवांश यादृच्छिक बदला. क्रांती का बदलायची नाही? आइसक्यूब ध्रुवावर आहे आणि पृथ्वीबरोबर फिरताना त्याची संवेदनशीलता फक्त क्रांतीवर अवलंबून राहते. अशा दहा हजार बनावट याद्या करा, प्रत्येकीवर तीच गाळणी चालवा, आणि खऱ्या यादीइतक्या किंवा जास्त जुळण्या किती वेळा मिळतात ते मोजा. गाळणीचे नियम डेटा बघण्यापूर्वी वहीत लिहून तारीख घाला. डेटा बघितल्यावर 'महिन्याऐवजी दोन महिने धरू या का' असं कुणी म्हणालं तर तीही एक जादा संधी धरायची.

गॅमा गप्प असतील तेव्हा

बहुतेक वेळा आलेख सपाटच निघेल. जुलै २०१९ च्या आयसी-१९०७३०ए या दमदार इशाऱ्याच्या चौकटीत पीकेएस १५०२+१०६ हा प्रखर ब्लेझार सापडला, पण गॅमामध्ये तो तेव्हा मंद होता. रेडिओमध्ये मात्र तेजीत होता.

याहून बोलका प्रकार एनजीसी १०६८ या दीर्घिकेचा. ती भडकत नाही, इशाऱ्यांतूनही सापडली नाही. आइसक्यूबने नोव्हेंबर २०२२ मध्ये, सुमारे नऊ वर्षांचा डेटा साठवून, तिच्या दिशेने ७९ च्या आसपास जादा न्यूट्रिनो दाखवले, ४.२ सिग्माने. आता तिचे गॅमा बघा. फर्मीला जीईव्हीत थोडीशी चमक दिसते. मॅजिकने १२५ तास बघूनही २०० जीईव्हीच्या वर काहीच सापडलं नाही. न्यूट्रिनो भरपूर आणि टीईव्ही गॅमा शून्य.

सुरुवातीचं नातं खोटं ठरलं का? नाही. कृष्णविवराला अगदी खेटून तप्त वायूचा प्रभामंडल असतो आणि तिथे क्ष-किरणांची इतकी दाटी असते की जन्मलेले गॅमा बाहेर पडण्याआधीच त्यांच्यावर आदळून संपतात. न्यूट्रिनोला तिथे कुणीच अडवत नाही. इथे गॅमाचा अभाव हीच माहिती आहे: स्रोत किती दाट आहे आणि न्यूट्रिनो केंद्राच्या किती जवळ तयार होतात, हे त्यावरून मोजता येतं. म्हणून वरच्या मर्यादा जपून ठेवा असं आधी म्हटलं. फर्मीचे ब्लेझार एकत्र घेऊन केलेल्या आइसक्यूबच्या २०१७ मधल्या अभ्यासातही, पसरलेल्या न्यूट्रिनो प्रवाहातला त्यांचा वाटा फार तर २७ टक्के निघाला होता. उरलेले कुठून येतात? माझा कल लपलेल्या स्रोतांकडे आहे.

आकाशगंगेच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. तिथे गॅमाचा नकाशाच साचा म्हणून वापरतात: फर्मीला उदासीन पायॉनांची चमक जशी दिसते, तशाच आकारात न्यूट्रिनो विखुरलेत का, असं विचारतात. २०२३ मध्ये आइसक्यूबने या मार्गाने ४.५ सिग्माचा संकेत दाखवला. अंतर कमी असल्यामुळे इथे पीईव्ही गॅमाही पोचू शकतात आणि चीनमधल्या ल्हासो वेधशाळेने ते टिपले आहेत. पण फर्मीची पार्श्वभूमी या पट्ट्यात इतकी गढूळ असते की नवख्याने इथून सुरुवात करू नये. तुमच्या इशाऱ्याचा आकाशगंगीय अक्षांश, म्हणजे आकाशगंगेच्या पट्ट्यापासूनचं अंतर, १० अंशांच्या आत असेल तर तो बाजूला ठेवा.

जाता जाता: वातावरणातले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा टिपणाऱ्यांत कोलारच्या सोन्याच्या खाणीतला १९६५ चा प्रयोग होता, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत. आज आपण जे न्यूट्रिनो 'घरचे' म्हणून गाळतो, ते तेव्हा शोध होते. आज भारताकडे गॅमासाठी लडाखमधल्या हानलेला २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण आहे.

दृश्य प्रकाशात सोलापूरचा हातभार

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला आहे. आइसक्यूब सर्वात चांगलं बघतो तो खगोलीय विषुववृत्ताजवळचा पट्टा आपल्याकडे क्षितिजापासून ७२ अंशांच्या आसपास चढतो, जवळपास डोक्यावर. टीएक्सएस ०५०६+०५६ तर ७८ अंशांवर येतो. युरोपातल्या हौशी निरीक्षकांना ही चैन नाही. शिवाय त्यांच्याकडे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असू शकते, आणि भडक्याच्या आलेखात तेवढ्या तासांचं भोक बुजतं.

हा ब्लेझार १५ व्या प्रतीच्या आसपास असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्यापेक्षा कितीतरी मंद. आठ इंची दुर्बीण, थंड केलेला सीमॉस कॅमेरा आणि एकेका मिनिटाच्या वीस-तीस प्रतिमांची बेरीज, एवढ्यावर तो मोजता येतो. शहरातून अवघड. बार्शी रस्त्याने नान्नजच्या पुढे ओळखीच्या कुणाचं शेत गाठा, अभयारण्याच्या हद्दीत मात्र रात्री शिरू नका. जून ते सप्टेंबर विसरा. मृगाच्या शेजारचा हा भाग डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मध्यरात्री माथ्यावर असतो, आणि संक्रांतीला रात्री दहाच्या सुमारास.

तेज मोजताना त्याच प्रतिमेतले स्थिर तारे तुलनेला घ्या. असे तारे दाखवणारे नकाशे बदलत्या ताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संघटनेच्या, म्हणजे आव्सोच्या, संकेतस्थळावर बनवून मिळतात. एकच फिल्टर ठरवा आणि तोच ठेवा. इशारा आल्यावर नव्हे, आधीपासून आठवड्याला एकदा मोजत राहा, कारण नेहमीचं तेज माहीत नसेल तर वाढलं की नाही हे कशावरून ठरवणार? मोजमापं वेळेसह आव्सोला पाठवा, जागतिक वेळेतच, आणि ढगांमुळे हुकलेल्या रात्रींची नोंदही स्वतःच्या वहीत ठेवा.